शेतमालासाठी ऑनलाइन गाडी: भाड्याचा हिशेब, परतीचा माल आणि बिल्टी

टोमॅटोचा तोडा सकाळी सुरू होतो. दुपारी चारच्या सुमारास क्रेट बांधावर लागतात आणि त्यानंतर शेतकऱ्याच्या हातात फक्त वाट पाहणे उरते. गाडी संध्याकाळी सहाला आली तर माल पहाटेच्या बाजारात उभा राहतो. ती रात्री अकराला आली तर माल पोहोचेपर्यंत चांगले गिऱ्हाईक खरेदी करून निघून गेलेले असते. तोडा, प्रतवारी, फवारणी यांवर आम्ही कृषी पदवीधर भरपूर लिहितो, पण बांधापासून बाजारापर्यंतच्या या पाच-सहा तासांबद्दल फारसे लिहीत नाही. शेतकऱ्याचा बराच पैसा मात्र तिथेच गळतो.

आता मोबाईलवर गाडी मिळवून देणारी पोर्टल आणि ॲप आली आहेत. मालवाला आपला माल नोंदवतो, गाडीवाला आपली मोकळी गाडी नोंदवतो आणि दोघांची गाठ पडते. हा लेख दोघांसाठी आहे. आपल्याकडे बहुतेक मालवाहू गाड्या मोठ्या कंपन्यांच्या नसून एक, दोन किंवा चार गाड्या असलेल्या लहान मालकांच्या आहेत. अनेक घरांत तर थोरला शेती पाहतो आणि धाकट्याने कर्ज काढून पिकअप किंवा आयशर घेतलेली असते. त्यामुळे भाडे देणारा आणि घेणारा एकाच ताटात जेवतात, तेव्हा हिशेब दोन्ही बाजूंनी समजून घेतलेला बरा.

परतीची रिकामी गाडी कोणाच्या खिशातून चालते?

तुम्ही भाडे ठरवता ते जाण्याचे, पण गाडीवाला हिशेब धरतो तो जाण्या-येण्याचा. येताना माल मिळेल याची खात्री नसेल तर परतीचे डिझेल आणि टोल तो तुमच्याच भाड्यात घालतो. यात लबाडी काही नाही, त्याला तसे करावेच लागते.

एक उदाहरण मांडून पाहू. यातले दर मी हिशेब समजावा म्हणून धरले आहेत, तुमच्या भागातले आकडे घालून तो पुन्हा करा. समजा, पिंपळगाव बसवंतहून वाशीच्या बाजारात पाच टन कांदा चौदा फुटी गाडीने पाठवायचा आहे. अंतर साधारण २०० किलोमीटर. भरलेली गाडी लिटरला ६ किलोमीटर चालते असे धरले तर सुमारे ३३ लिटर डिझेल लागेल. लिटरला ९० रुपये धरून त्याचे ३,००० रुपये होतात. येताना रिकामी गाडी लिटरला ८ किलोमीटर देते, म्हणजे २५ लिटर आणि २,२५० रुपये. दोन्ही बाजूंचा टोल १,४०० रुपये, ड्रायव्हरचा भत्ता व जेवण १,२०० रुपये. इथपर्यंत ७,८५० रुपये झाले. गाडीचा हप्ता, विमा, टायर, सर्व्हिसिंग, कर मिळून महिन्याला ४५,००० रुपये धरा आणि प्रत्येक खेपेला दोन दिवस या बेताने महिन्यात १५ खेपा. म्हणजे खेपेमागे आणखी ३,००० रुपये. एकूण १०,८५० रुपये, म्हणजेच क्विंटलला २१७ रुपये. यात मालकाला एक रुपयाही नफा धरलेला नाही.

आता त्याला वाशीहून नाशिककडे ५,००० रुपयांचे परतीचे भाडे मिळाले असे समजा. भरून येताना रिकाम्यापेक्षा जास्त डिझेल जाईल, माल उचलायला आणि उतरवायला थोडा वळसा पडेल, पोर्टलचे शुल्क आणि किरकोळ खर्च असेल. त्यासाठी १,५०० रुपये वजा करा. हातात ३,५०० उरतात. त्यातले निम्मे त्याने ठेवले आणि निम्मे तुम्हाला भाड्यात सोडले, तर क्विंटलमागे ३५ रुपये वाचतात. कांद्याला दर चांगला असतो तेव्हा हे ३५ रुपये कोणाच्या लक्षातही येत नाहीत. मंदीत मात्र उत्पादन खर्च निघाला की नाही, हे याच आकड्यावर ठरते.

पोर्टलचा खरा उपयोग इथे आहे. ते काही नवीन भाडे निर्माण करत नाही. वाशीत रिकामी उभी असलेली गाडी आणि नाशिकला जाणारा माल एकमेकांना दिसत नव्हते, ते दिसू लागतात. पूर्वी हे काम ट्रान्सपोर्ट ऑफिसच्या फळ्यावर खडूने व्हायचे आणि त्या फळ्यापाशी बसायला तुमचा माणूस त्या गावात असावा लागे. आता गाडी कसारा घाट उतरत असतानाच मालकाला घरबसल्या परतीचा माल शोधता येतो.

पण थांबण्याचाही हिशेब आहे, आणि नवा गाडीमालक तिथेच फसतो. वरच्याच उदाहरणात परतीच्या मालासाठी गाडी दर खेपेला एक दिवस थांबली तर महिन्याच्या १५ खेपांच्या १० होतील. हप्ता-विम्याचा खेपेमागचा बोजा ३,००० वरून ४,५०० होईल, ड्रायव्हरचा एक दिवसाचा भत्ता ६०० रुपये वेगळा. म्हणजे ३,५०० पैकी २,१०० गेले, उरले १,४००. दोन दिवस थांबली तर खेपा सात-आठवर येतात आणि परतीचे भाडे मिळूनही तोटा होतो. माझ्या ओळखीचा एक तरुण आपली पिकअप घेऊन भाजी सोडायला सुरतला गेला आणि चांगल्या परतीच्या भाड्यासाठी तीन दिवस तिथे बसला. भाडे मिळालेही, फक्त त्या तीन दिवसांत गावातले त्याचे दोन ठरलेले तोडे दुसऱ्या गाडीने नेले आणि ते शेतकरी नंतर त्याच्याकडे वळलेच नाहीत. म्हणून गाडीवाल्यांना माझे सांगणे असते की परतीच्या भाड्याची खालची मर्यादा निघण्यापूर्वीच ठरवा. तेवढे मिळाले की उचला आणि निघा. ठरलेल्या तासापर्यंत नाही मिळाले तर रिकामे या.

क्रेटमधल्या मालाला हा हिशेब लागू पडत नाही

पोर्टलच्या जाहिरातीत ही बाब सापडणार नाही. कांदा गोणीत जातो, डाळिंब आणि द्राक्षे पुठ्ठ्याच्या पेटीत जातात, मका पोत्यात. यांची गाडी परतताना खरोखर रिकामी असते. टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची क्रेटमध्ये जाते आणि रिकामे क्रेट गावी परत आणावे लागतात. सरळ भिंतीचा क्रेट भरलेला असो वा रिकामा, जागा तेवढीच खातो. त्यामुळे हौदा क्रेटनीच भरतो आणि वरचे परतीचे भाडे कागदावरच राहते.

म्हणून टोमॅटोवाल्या शेतकऱ्याने "तुला परतीचा माल मिळतोच की" म्हणून भाडे पाडून मागणे रास्त नाही. त्याला दोन वाटा आहेत. एक, घडी होणारे किंवा उलटे फिरवून एकात एक बसणारे क्रेट वापरणे, म्हणजे रिकाम्या क्रेटची जागा बरीच कमी होते आणि उरलेल्या हौद्यात परतीचा माल बसतो. असे क्रेट महाग असतात, एकट्याने घेणे जड जाते, पण गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने घेतले तर विचार करण्यासारखे आहे. दुसरी वाट लांबच्या बाजारासाठी. दुसऱ्या राज्यात माल जाणार असेल तर क्रेट परत येण्याची आशा न धरता पुठ्ठ्याच्या पेटीत भरा आणि गाडीवाल्याशी एकेरी भाडे ठरवा. पेटीचा खर्च आणि वाचलेले भाडे यांची तुलना दर वेळी करावी लागेल, त्याला सरसकट उत्तर नाही.

पोर्टल कोणत्या जातीचे आहे ते आधी ओळखा

सगळी पोर्टल वरून सारखी दिसतात, आत मात्र फरक असतो. काही पोर्टल म्हणजे निव्वळ फळा. ते तुम्हाला गाडीवाल्याचा नंबर देतात, त्याबद्दल एका बाजूकडून किंवा दोन्ही बाजूंकडून वर्गणी घेतात आणि बाजूला होतात. भाडे तुम्ही ठरवायचे, पैसे तुम्ही द्यायचे, गाडी आली नाही तर भांडायचेही तुम्हीच. काही पोर्टल स्वतः वाहतुकीचे काम घेतात. भाडे ते सांगतात, गाडी ते लावतात, बिल्टी त्यांची असते आणि गाडीवाल्याला पैसे तेच देतात. तिसरा प्रकार शहरातल्या लहान टेम्पोंचा, किलोमीटरप्रमाणे ठरलेल्या दराचा. बाजारातून शहरातल्या ग्राहकांपर्यंत किंवा गृहसंकुलांत थेट विक्री करणाऱ्या गटांना तो उपयोगी पडतो.

ओळखायचे कसे? एकच प्रश्न विचारा: "बिल्टी कोणाच्या नावाची मिळेल?" उत्तर "गाडीवाल्याला विचारा" असे आले, तर तो फळा आहे असे समजून चाला. फळा वाईट नसतो. पहिल्या प्रकाराकडून दुसऱ्या प्रकारच्या जबाबदारीची अपेक्षा केली की फसगत होते.

सरकारी बाजूला केंद्रीय कृषी मंत्रालयाने १७ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीत, 'किसान रथ' हे मोबाईल ॲप सुरू केले. ते राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केले असून शेतातून बाजारापर्यंतची आणि एका बाजारातून दुसरीकडची अशा दोन्ही वाहतुकींसाठी त्यात नोंदणीची सोय केली होती. 'ई-नाम'वरही २०२० पासून वाहतुकीची सोय जोडण्यात आली. पण ॲप सरकारी असो की खासगी, तुमच्या तालुक्यातल्या किती गाड्या त्यावर खरोखर नोंदलेल्या आहेत यावरच त्याची उपयुक्तता ठरते. हंगाम सुरू होण्यापूर्वी, गरज नसताना, एकदा मागणी टाकून पाहा. दोन तासांत किती फोन येतात ते कळेल.

दलाल किंवा हुंडेकरी आता संपला, असेही समजू नका. रात्री दोन वाजता गाडीचा ॲक्सल तुटला तर दुसरी गाडी पाठवणारा तोच असतो. भाड्याचे पैसे पट्टी आल्यावर घेणारा, ड्रायव्हरच्या बापालाही ओळखणारा तोच. माझा सल्ला असा की नेहमीच्या बाजाराला, नेहमीच्या गाडीने पाठवत असाल तर ते नाते तोडू नका. पोर्टलवर त्या मार्गाचा दर पाहा आणि तो घेऊन हुंडेकऱ्याशी बोलायला बसा. नवीन बाजार, अचानक आलेला जास्तीचा तोडा किंवा ऊसतोडणीच्या हंगामात गाड्यांची टंचाई असेल, तेव्हा पोर्टल कामाला येते.

मागणी टाकताना काय लिहावे

काही वर्षांपूर्वी मी ज्या शेतकरी गटासोबत काम करत होतो, त्यांनी एका पोर्टलवरून टोमॅटोसाठी गाडी ठरवली. मागणीत लिहिले होते: "टोमॅटो, ५ टन, उद्या संध्याकाळी." गाडी आली साडेआठला. क्रेट होते २५०. निम्मे भरून झाल्यावर ड्रायव्हरने सगळे क्रेट घ्यायला नकार दिला, कारण पाच टनांत क्रेटचे वजन कोणी धरलेच नव्हते. २० किलोचे २५० म्हणजे ५,००० किलो माल आणि दीड किलोचा एक धरला तरी रिकामे क्रेटच ३७५ किलो. वीस क्रेट खाली राहिले. त्यानंतर रस्त्याचा वाद निघाला. शेतापर्यंतचा शेवटचा अर्धा किलोमीटर चिखलाचा होता, ते मागणीत नव्हते, म्हणून त्याने जादा पैसे मागितले. बाजारात पोहोचल्यावर वाराई कोणी द्यायची यावरून पुन्हा अडले. गाडीवाला वाईट नव्हता. आमची मागणीच अपुरी होती, आणि ती मीच शेजारी बसून टाकून दिली होती.

तेव्हापासून मी मालाचे वजन पॅकिंगसह लिहायला सांगतो आणि नगही लिहायला सांगतो: किती गोण्या, किती क्रेट, किती पेट्या. हौद्याची लांबी सांगा, कारण हलक्या मालाला वजनाआधी जागा संपते. फ्लॉवर किंवा कोथिंबीर भरणाऱ्यांना हे ठाऊक आहे. भरायची जागा नकाशावरची खूण पाठवून कळवा आणि शेतापर्यंत कोणती गाडी येऊ शकते ते खरे सांगा. दहा चाकी गाडी वळत नसेल तर माल ट्रॅक्टरने डांबरी रस्त्यापर्यंत आणण्याची तयारी आधीच ठेवा. गाडी किती वाजता लागली पाहिजे आणि बाजारात किती वाजेपर्यंत पोहोचली पाहिजे, या दोन्ही वेळा लिहा. बाजार समितीचे कोणते गेट, कोणता गाळा, तेही.

आणि पैशाचे सगळे आधी ठरवा. हमाली, वाराई, टोल कोणाकडे? ताडपत्री आणि दोर कोणाचा? गाडी भरायला किंवा उतरवायला उशीर झाला तर किती तास मोकळे आणि त्यापुढे थांबण्याचे किती? भाड्यापैकी किती उचल, उरलेले केव्हा? हे फोनवर बोलून सोडू नका. ठरलेले चार ओळींत लिहून गाडीवाल्याला मोबाईलवर पाठवा आणि त्याच्याकडून "मान्य" असे उत्तर घ्या. ऐन वेळी जास्त भाड्याचा माल मिळाला म्हणून गाडी फिरवण्याचे प्रकार होतात. तो "मान्य" शब्द त्याला पूर्णपणे रोखणार नाही, पण पोर्टलकडे तक्रार करताना तुमच्या हातात तेवढाच पुरावा असतो.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो. एकट्याचा ६० क्रेटचा माल पोर्टलवर कोणी उचलत नाही. उचलला तर पार्ट लोड म्हणून उचलतो आणि मग तो माल तीन ठिकाणी थांबत जातो. एकाच शिवारातल्या चार-पाच जणांचे तोडे एका दिवशी आणता आले तर गाडी पूर्ण भरते. लागवडीच्या तारखा आणि वाण तुमच्या नोंदीत असतातच. त्यावरून पुढच्या पंधरा दिवसांचा अंदाजे तोडा काढून गटाच्या नावाने मागणी टाका. ठरावीक वारांना ठरावीक माल आहे असे दिसले की गाडीवाले दरात स्वतःहून खाली येतात.

गाडी दारात आल्यावर

पोर्टलवर दिलेला गाडीचा क्रमांक आणि समोर उभी असलेली गाडी एकच आहे का, ते आधी पाहा. 'एमपरिवहन' ॲपमध्ये क्रमांक टाकला की नोंदणी, फिटनेस, विमा, पीयूसी यांची मुदत दिसते. व्यावसायिक गाडीला पहिल्या आठ वर्षांत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी फिटनेस करावे लागते. जुन्या गाडीचे ते संपलेले असण्याची शक्यता जास्त, आणि अपघात झाला तर विम्याचा दावा तिथेच अडकतो. माल दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर नॅशनल परमिट आहे का ते विचारा. भरलेले एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नसलेल्या लहान मालवाहू गाडीला, म्हणजे आपल्या छोट्या हत्तीसारख्या गाडीला, परमिटची अट नाही. त्यापेक्षा मोठ्या गाडीला आहे.

गाडी किती माल नेऊ शकते ते ड्रायव्हरच्या तोंडावर सोडू नका. आरसीवर भरलेल्या गाडीचे वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन दोन्ही असतात, त्यांतला फरक म्हणजे तिची क्षमता. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. शिवाय जादा माल उतरवून घेतला जातो. रस्त्याच्या कडेला उतरवलेल्या टोमॅटोचे काय होते ते सांगायला नको.

यानंतर माझ्या विषयातला भाग, ज्याकडे गाडीवाले आणि शेतकरी दोघेही दुर्लक्ष करतात. परतीचा माल घेणारी गाडी म्हणजे आधी दुसरे काहीतरी घेऊन आलेली गाडी. हौद्यात आदल्या दिवशी रासायनिक खत होते की कीटकनाशकाचे खोके, सिमेंट होते की मासळी, ते विचारा. द्राक्ष किंवा भेंडी निर्यातीसाठी असेल तर हौदा धुऊन, वाळवूनच भरा. तुम्ही काढणीपूर्व काळ पाळून केलेली सगळी मेहनत हौद्यात सांडलेल्या औषधाने वाया जाऊ शकते. पार्ट लोडमध्ये तुमच्या मालाशेजारी काय भरले आहे तेही पाहा. पिकलेली केळी, आंबा, पपई आणि सफरचंद इथिलीन वायू सोडतात. त्यांच्यासोबत बंद ताडपत्रीखाली काकडी, ब्रोकोली किंवा पालेभाजी रात्रभर राहिली तर सकाळी पिवळी पडलेली निघते. त्याचा दोष नंतर बियाण्याला दिला जातो!

आणि उचलीची फसवणूक. "गाडी निघाली आहे, फास्टॅगमधले पैसे संपले, डिझेलला पाच हजार पाठवा," असा फोन येतो. पैसे पाठवले की फोन बंद. गाडी बांधावर लागेपर्यंत एक रुपया देऊ नका. उचल देताना पैसे आरसीवरील मालकाच्या किंवा पोर्टलच्या खात्यातच जात आहेत ना, ते नाव पाहून मग पुढे जा. गाडीचा, नंबरप्लेटचा आणि ड्रायव्हरच्या परवान्याचा फोटो माल भरण्यापूर्वी घ्या, नंतर नको. बनावट क्रमांक लावून आलेली गाडी मालासकट नाहीशी होण्याचे प्रकारही घडतात.

लहान गाडीमालकाने परतीचा माल घेताना

जाताना तुमच्या गाडीत ताजी भाजी-फळे असतात. त्यांवर जीएसटी नाही आणि त्यांना ई-वे बिलही लागत नाही, त्यामुळे तुम्हाला कागदांची सवय नसते. येताना पोर्टलवरून मिळालेला माल टाइल्स, यंत्राचे भाग किंवा किराणा असू शकतो. अशा करपात्र मालाची किंमत ५०,००० रुपयांच्या वर गेली की ई-वे बिल लागते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख रुपये आहे. बिलावर तुमच्याच गाडीचा क्रमांक आहे ना, आणि मुदत संपलेली नाही ना, ते माल भरण्यापूर्वी पाहा. साधारण मालाला २०० किलोमीटरमागे एक दिवस मुदत मिळते. चूक मालवाल्याची असली तरी अडकून पडते ती गाडी, आणि हप्ता तुमचा थांबत नाही.

शेतमालाच्या वाहतूक भाड्यावर जीएसटी माफ आहे. एखाद्या पोर्टलने तुमच्या कांद्याच्या भाड्यावर कर लावून बिल दिले तर विचारा. पोर्टलचे स्वतःचे सेवाशुल्क वेगळे, त्यावर कर असू शकतो. गूळ, बेदाणा, हळद पावडर असा प्रक्रिया झालेला माल असेल तर कर सल्लागाराला एक फोन करून मगच भरा.

पोर्टलवरच्या खेपांची नोंद जपून ठेवा. किती खेपा, किती भाडे, पैसे केव्हा आले, याचा वर्षभराचा कागद पुढच्या गाडीच्या कर्जासाठी बँकेपुढे ठेवता येतो. वहीत लिहिलेल्या हिशेबाला ते वजन मिळत नाही. मात्र पोर्टलवर गुण देण्याची पद्धत असते हेही लक्षात असू द्या. दोनदा कबूल करून गाडी नाही पाठवली की तुमचे नाव यादीत खाली सरकते आणि मग चांगली भाडी दिसेनाशी होतात.

माल खराब झाला तर

गाडीचा विमा असतो तो गाडीचा आणि अपघातात सापडलेल्या त्रयस्थाचा. आतल्या मालाचा तो नसतो, हे बहुतेकांना नुकसान झाल्यावर कळते. मालासाठी प्रवासी मालाचा विमा वेगळा काढावा लागतो. काही पोर्टल गाडी ठरवतानाच तो देऊ करतात, पण नाशवंत माल उशिरामुळे खराब झाला तर भरपाई आहे का, ती ओळ वाचून मगच पैसे भरा. केवळ अपघाताचीच जोखीम घेणारा विमा असेल तर सडलेल्या मालाचे काही मिळणार नाही.

बिल्टी देणाऱ्या नोंदणीकृत ट्रान्सपोर्ट व्यावसायिकाला रस्ते वाहतूक कायदा, २००७ लागू होतो. तो १ मार्च २०११ पासून अमलात आहे. त्याच्या नियमांप्रमाणे मालाच्या नुकसानीची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहा पटींपर्यंत मर्यादित असते, आणि तीही तुम्ही जाहीर केलेल्या किमतीच्या वर जात नाही. म्हणजे भाडे ९,००० रुपये असेल तर भरपाईची कमाल मर्यादा ९०,००० रुपये. गाडीत अडीच लाखांची द्राक्षे असतील तर बाकीचे तुमचे. जास्त जोखीम वाहतूकदाराने घ्यावी असे वाटत असेल तर मालाची पूर्ण किंमत आणि जादा जोखमीचा दर बुकिंगच्या वेळीच ठरवून कागदावर घ्यावा लागतो. बिल्टीवर किमतीच्या रकान्यात काही न लिहिता सही करणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

नुकसान झालेच तर माल उतरवण्याआधी हौद्याचे फोटो काढा. आडत्याकडून पट्टीवर किंवा वेगळ्या कागदावर खराब नगांची संख्या लिहून घ्या आणि ड्रायव्हरची सही घ्या. गाडी निघून गेल्यावर केलेल्या तक्रारीला फारसा अर्थ राहत नाही. त्यानंतर वाहतूकदाराला लेखी नोटीस द्या. दावा लावायचा असेल तर ही नोटीस माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत त्याच्या हाती पडलेली असावी लागते. फोनवरचे बोलणे किंवा पोर्टलच्या मदत क्रमांकावरची तक्रार म्हणजे ही नोटीस नव्हे. ती पोचपावतीसह टपालाने पाठवा, आणि बिल्टीची मूळ प्रत स्वतःजवळच ठेवून तिची फक्त झेरॉक्स सोबत जोडा.